अंधाराचा राजपुत्र

आमच्या गावच्या घरी गोठ्यात पन्नासहून अधिक वर्षं एक फटफटी उभी होती. तेवढ्या काळात म्हशींच्या सात-आठ पिढ्या तिच्या शेजारी नांदून गेल्या, गोठ्याचं छप्पर दोनदा बदललं, पण फटफटी जागची हलली नाही. हँडलवर दावी अडकवलेली, सीटवर पेंडीचं पोतं आणि हेडलाइटच्या भांड्यात उंदराचा संसार, अशी तिची एकंदर परिस्थिती. पाहुण्यानं विचारलं, "ही काय हो?" तर आजी म्हणायची, "ह्यांची गाडी." आणि आमचे अण्णा म्हणायचे, "भंगार." एवढ्या दोन नोंदींवर त्या गाडीचं खातं चालू होतं.

मी बँकेत कारकून आहे. वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्याकडे अशा खात्याला निष्क्रिय खातं म्हणतात. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर त्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेकडे पाठवून मोकळं होता येतं. गोठ्यातल्या वस्तूंसाठी रिझर्व्ह बँकेनं अद्याप अशी काही सोय केलेली नाही. त्यामुळे आजी गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा चुलत्यांना जमीन, आत्याला तांब्याचा बंब आणि मला ही गाडी, अशी न्याय्य विभागणी होऊन गाडी टेंपोत बसून सांगलीला आमच्या बिऱ्हाडी आली. आमच्या हिनं तिच्याकडे एकवार पाहिलं आणि तुळशीची कुंडी उचलून दुसरीकडे नेली. अण्णांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

गाडी बी.एस.ए. कंपनीची, बी-31 जातीची, साडेतीनशे सी.सी.ची, 1954 सालची. आमचे अण्णाही 1954 सालचेच. दोघांपैकी आधी कोण घरात आलं यावर आजीचं आणि तात्यांचं एकमत नव्हतं. तात्या म्हणजे माझे आजोबा. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यापासून कृष्णा कालवा निघतो, त्या कालव्यावर ते ओव्हरसियर होते. पाण्याची पाळी चालू असली की रात्री-अपरात्री कालव्याच्या कडेनं फिरायचं, कुणी दार उचकटून पाणी चोरतंय का ते बघायचं, पाटकऱ्याला झोपेतून उठवायचं, ही त्यांची नोकरी. आता पाणी चोरणाऱ्याला पकडायला बी.एस.ए.वर बसून जाणं म्हणजे मांजरानं गळ्यात घंटा बांधून उंदरामागे लागण्यासारखंच. त्या गाडीचा आवाज मैलभर आधी पोचायचा. चोर दार बंद करून, हातपाय धुऊन, बांधावर तंबाखू मळत बसलेला सापडायचा. "पण पाणी तर बंद व्हायचं ना?" असं तात्या म्हणत. सरकारी नोकरीतलं इतकं सरळ तत्त्वज्ञान मी पुन्हा ऐकलं नाही.

बी.एस.ए. ही अक्षरं म्हणजे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'. 1861 साली बर्मिंगहॅमच्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली ही कंपनी. बंदुकांना नेहमीच गिऱ्हाईक मिळतं असं नाही, मध्ये मध्ये शांतता नावाची मंदी येते. तेव्हा त्यांनी सायकली केल्या आणि 1910 पासून मोटारसायकली. तरी जातीवर जाऊन टाकीवरच्या चिन्हात तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याच. 1950 च्या दशकात ती जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी होती आणि 'चारांतली एक बी.एस.ए.' अशी तिची जाहिरात असे. 1973 साली ती कोसळली. आमची गाडी त्यापूर्वी पाच वर्षंच कोसळलेली होती. त्या बाबतीत आम्ही कंपनीच्या पुढे.

ते कोसळणं असं. 1968 च्या नोव्हेंबरात, रब्बीच्या पाळीत, तात्या रात्री कालव्यावर निघाले आणि गावापासून अर्ध्या मैलावर गाडीसकट चरात गेले. मांडीचं हाड मोडलं. पुढे पंचवीस वर्षं जगले, पण एक पाय आखूडच राहिला आणि गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही.

या अपघाताची आमच्या घरात दोन पुस्तकं होती आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती. पहिलं म्हणजे तात्यांचं सेवापुस्तक. ट्रंकेतल्या कागदांत त्यांनी वरिष्ठांना दिलेल्या खुलाशाची कार्बन प्रत मला सापडली. 'गाडी चालवीत असता डुलकी लागल्याने अपघात झाला, सबब क्षमा असावी.' खाली 21-11-68 ही तारीख आणि ठसठशीत सही. क्षमा झाली नाही. कामावर निष्काळजीपणा केला म्हणून ठपका आला आणि एक वेतनवाढ रोखली गेली. (निवृत्तीपर्यंत त्या वेतनवाढीचं चक्रवाढ व्याजानं काय झालं असतं ते मी एकदा जेवणाच्या सुट्टीत काढलं होतं. त्यानंतर डबा गेला नाही.) दुसरं पुस्तक आजीचं, म्हणजे तोंडी. ती म्हणायची, "डुलकी? ह्यांना? किर्तनात हजार माणूस पेंगायचं तेव्हा हे एकटे जागे असायचे. दिवाच गेला. त्या मेल्या लुकासनं घात केला." लुकास म्हणजे कुणी भाऊबंद नव्हे. हेडलाइटवर इंग्रजीत कोरलेलं नाव.

आता ज्यानं बँकेत दोन पुस्तकांचा ताळमेळ घालण्यात वीसेक वर्षं घालवली त्याला हा फरक डोक्यातून जाईना. दिवा गेला असता तर तात्यांची चूक नव्हती, ठपका नव्हता, वेतनवाढ शाबूत होती. मग शहाणा माणूस स्वतःच्या हातानं 'डुलकी लागली' असं लिहून का देतो? गाडी दुरुस्त करायला घेतली ती खरं म्हणजे एवढ्यासाठी. घरात मात्र 'जुन्या गाड्यांना आता फार किंमत येते' असं सांगितलं. घरात खरी कारणं सांगायची पद्धत आमच्याकडे नाही.

पहिल्यांदा वाचन केलं. आरोपीची माहिती काढली.

जोसेफ ल्यूकस हा गृहस्थ 1834 साली बर्मिंगहॅमला जन्मला. 1860 च्या सुमारास हाताला काम नाही आणि पदरी सहा पोरं, म्हणून ढकलगाडीवर रॉकेल घालून गल्लोगल्ली विकू लागला. रॉकेलाबरोबर कंदील, कंदिलाबरोबर बादल्या, फावडी. 1875 मध्ये जहाजाचे कंदील. मग त्या काळच्या, पुढचं चाक पुरुषभर उंच असलेल्या सायकलींसाठी चाकाच्या तुंब्यात टांगायचा दिवा काढला आणि त्याला नाव दिलं 'किंग ऑफ द रोड'. रॉकेलवाल्यानं आपल्या दिव्याला 'रस्त्याचा राजा' म्हणावं ही हिंमत मला आवडली. धंदा वाढला, मुलगा भागीदार झाला, मोटारी आल्या, त्यांना दिवे, हॉर्न, डायनॅमो, सगळं ल्यूकस पुरवू लागले. म्हातारा दारूला शिवत नसे. 1902 साली इटलीत नेपल्सला हवापालटाला गेला असता तिथली वाइन नाकारून त्यानं निष्ठेनं पाणी मागितलं, त्या पाण्यातून विषमज्वर झाला आणि त्यातच तो गेला, असं सांगतात. नशाबंदीच्या प्रचारकांनी हे उदाहरण शक्यतो टाळावं.

पुढे ल्यूकस कंपनीनं एकेक प्रतिस्पर्धी विकत घेतला आणि इंग्लंडात तयार होणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या विजेची मालकी तिच्याकडे आली. एकट्यानं सगळा बाजार खाल्ला की सगळ्या शिव्याही एकट्यालाच खाव्या लागतात. दिवे गेले, ल्यूकस. हॉर्न बसला, ल्यूकस. रस्त्याच्या या राजाला इंग्रजी जाणणारे सगळे मोटारवाले हळूहळू 'अंधाराचा राजपुत्र' म्हणू लागले. ल्यूकसच्या स्विचला तीन जागा असतात म्हणे: मंद, लुकलुक आणि बंद. इंग्रज माणूस कोमट बिअर का पितो? कारण त्याचा फ्रीजही ल्यूकसचा. असे विनोद मी वाचत गेलो आणि आजी किती दूरवरच्या लोकांशी सहमत होती हे पाहून ऊर भरून आला.

दुरुस्तीची सुरुवात मी वाणिज्य शाखेच्या पद्धतीनं, म्हणजे रंगरंगोटीपासून केली. सांगाडा घासून घेतला, त्याला भट्टीतला काळाभोर रंग दिला, बोल्टना चकाकी आणली. जुन्या तारा कापडी वेणीच्या होत्या. वेणी उंदरांनी नेली होती आणि आतलं रबर बोट लावताच बाजरीच्या भाकरीसारखं मोडत होतं. नव्या तारा घातल्या, नवी सहा व्होल्टची बॅटरी बसवली, स्विच फिरवला. काही नाही. मंद नाही, लुकलुक नाही, थेट तिसरी जागा.

मग मिरजेच्या चाचांना बोलावलं. चाचांचा मोटारी-डायनॅमोच्या वायंडिंगचा धंदा. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत, त्यांच्या पलीकडे यांचं दुकान. "तिकडं बी तारंचंच काम, साहेब. त्यांचं चुकलं तर बेसूर होतंय, आमचं चुकलं तर धूर होतोय." चाचांनी खिशातून एक बल्ब काढला, त्याला दोन तारा डकवलेल्या. हा त्यांचा सगळा दवाखाना. एक तार बॅटरीला, दुसरी जागोजागी टेकवत ते गाडीभर फिरले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीला अर्थ नाही."

हे मला आमच्या हिनं आधीच सांगितलं होतं. पण चाचांचा अर्थ निराळा. मोटारसायकलीत दिव्याकडे जाणारी तार एकच असते. वीज परत येते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. सांगाडा म्हणजे 'अर्थ', जमीन. रबरी चाकांवर उभी असलेली ही जमीन खऱ्या जमिनीला कधी लागतसुद्धा नाही, पण हिशेबापुरती जमीन. आणि मी त्या जमिनीवर इतका सुंदर रंग दिला होता, की विजेला पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बॅटरीची तार जिथं सांगाड्याला मिळते तिथं रंग. मागच्या दिव्याच्या बोल्टखाली रंग. हेडलाइटची तर आणखी मजा. त्याची परतीची वाट हँडलच्या मानेतल्या गोळ्यांतून जाते आणि तिथं मी पावशेर ग्रीस भरलं होतं. चाचांनी पॉलिश पेपर घेऊन जागोजागी माझा रंग खरवडला, हेडलाइटपासून सांगाड्यापर्यंत एक स्वतंत्र तार टाकली आणि स्विच फिरवला. दिवा लागला!

आणि तो कुठला बल्ब लागला? जुनाच. तात्यांच्या हेडलाइटमधला. नवा आणला नव्हता म्हणून सहज बसवून पाहिला होता. मी खूष झालो. चाचा मात्र गप्प झाले. म्हणाले, "दिवा गेला म्हणून म्हातारं पडलं ना? मग बल्ब कसा शाबूत? वीज जास्त झाली असती तर बल्ब पहिला उडतोय." मग त्यांनी हेडलाइटवरचा अँपिअर मीटर हातात घेतला. मध्ये शून्य, इकडे आठ, तिकडे आठ. इतकी वर्षं काचेवरच्या धुळीत मला दिसलं नव्हतं, पण काटा एका बाजूला आठाच्याही पलीकडे जाऊन खुंटीवर वाकला होता. कुणी थोबाडीत मारल्यासारखा.

इथं मला तुम्हांला थोडं 1914 सालात न्यावं लागेल, कारण इंजिनाची गोष्ट राहिली.

पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. ही ठिणगी बॅटरीशिवाय, नुसत्या लोहचुंबकापासून पाडणारं यंत्र म्हणजे मॅग्नेटो. आणि मॅग्नेटो म्हणजे जर्मनीतली बॉश कंपनी. 1902 पासून त्यांच्या मॅग्नेटोची अशी कीर्ती, की इंग्लंडनं स्वतः करायचे कष्टच घेतले नाहीत. 1914 च्या ऑगस्टमध्ये जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि मग इंग्रजांच्या लक्षात आलं, की ज्या लॉऱ्या आणि विमानं घेऊन जर्मनांवर जायचं, त्यांची ठिणगी जर्मनांकडून येते. वैऱ्याकडे काडेपेटी मागण्याची पाळी! मग धावाधाव. बर्मिंगहॅममध्ये मॅग्नेटो करणारी थॉमसन-बेनेट नावाची एक कंपनी होती. ती त्याच वर्षी ल्यूकसनं विकत घेतली. तिथपासून ठिणगीही ल्यूकसची.

आमच्या गाडीत ल्यूकसचा 'मॅगडायनो' आहे. खाली मॅग्नेटो, त्याच्या पाठीवर डायनॅमो, एका दंतचक्रानं जोडलेले. पण वाडा एक आणि चुली दोन. मॅग्नेटो इंजिनाला ठिणगी देतो आणि दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. डायनॅमो बॅटरी भरतो, बॅटरी दिवे आणि हॉर्न चालवते. डायनॅमो मेला, बॅटरी मेली, सगळ्या तारा जळाल्या, तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. इंग्रज मोटारसायकलवाल्यांना याचं फार कौतुक. बॅटरी काढून फेकून द्या, गाडी घरी पोचवते. खात्याच्या जीपचं तसं नव्हतं. तिची ठिणगी बॅटरीवर. तिची वीज गेली की ती निमूट उभी राहते. तात्यांची गाडी उभी राहिली नाही. डोळे गेल्यावरही ती त्याच वेगानं पुढे जात राहिली.

चाचांनी डायनॅमोच्या दोन तारा काढल्या, दोन्ही टोकं एकत्र करून मीटर लावला आणि मला किक मारायला सांगितलं. अकराव्या किकेला इंजिन सुरू झालं (मॅग्नेटोला मानलं पाहिजे, पन्नास वर्षांनी ठिणगी दिली), पण मीटरचा काटा शून्यावर. डायनॅमो खोलला. आर्मेचर कोळसा. "आता डबा बघू," चाचा म्हणाले.

डबा म्हणजे सीटखालचा व्होल्टेज कंट्रोलचा काळा खोका. त्याच्या चार टोकांना एफ, ए, डी, ई अशी अक्षरं आहेत. इंग्रजीत ओळीनं वाचली तर अर्थ होतो 'फिकं पडणे'. ल्यूकसचे निंदक यावर फार हसतात. मी मराठी माणूस आणि त्यातून बँकेतला. मी ते 'फेड' असं वाचलं. या डब्यात कट-आऊट नावाचं एक छोटं फाटक असतं. गाडी थांबली की ते उघडतं, म्हणजे बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोत जाऊन वाया जात नाही. गाडीनं वेग घेतला, डायनॅमोची वीज पुरेशी झाली, की फाटक मिटतं आणि बॅटरी भरायला लागते. कालव्याच्या दारासारखंच की. तात्यांना हे मनापासून समजत असणार.

आता घटकाभर अधिक-वजाकडे वळू. 1747 साली अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिननं विजेच्या एका बाजूला अधिक म्हटलं आणि दुसरीला वजा. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून. दीडशे वर्षांनी, 1897 साली, जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉन शोधला आणि कळलं, की वाहणारी वस्तू वजा बाजूकडून अधिक बाजूकडे जाते आहे. तोवर पुस्तकं छापून झाली होती. मग तसंच राहू दिलं. मला यात काही विचित्र वाटत नाही. तुम्ही आमच्या बँकेत पैसे भरता तेव्हा तुमच्या वहीत बँकेचं खातं नावे पडतं आणि आमच्या वहीत तुमचं खातं जमा होतं. पैसा तोच, गोष्ट तीच, फक्त कुणाच्या बाजूनं पाहायचं ते ठरलेलं हवं. 1494 साली व्हेनिसला लूका पाचिओली नावाच्या साधूनं ही दुहेरी नोंदीची पद्धत छापून काढली. एक लूका, एक ल्यूकस. माझं आयुष्य या दोघांनी निम्मंनिम्मं खाल्लं आहे.

गाडीतसुद्धा जमीन कोणती, अधिक की वजा, हे आधी ठरवावं लागतं. तात्यांच्या काळच्या ल्यूकसच्या गाड्यांत अधिक जमिनीला असे. त्यामुळे टोकं कमी गंजतात, ठिणगी बरी पडते, अशी त्यांची कारणं. खात्याची जीप अमेरिकन विलीजची. तिच्यात वजा जमिनीला. पुढे 1960 च्या दशकात इंग्रजही हळूहळू वजावर आले आणि आज तुम्ही कुठलीही गाडी उघडा, वजाच जमिनीला. थोडक्यात काय, बी.एस.ए.ची बॅटरी जीपसारखी जोडली तर उलटी होते.

आणि उलटी जोडली तर लगेच काय होतं? काहीच नाही! हीच तर गंमत. बल्बला अधिक-वजा कळत नाही. दिवा लागतो. हॉर्न वाजतो. माणूस खूष होऊन निघतो. आमच्याकडे तेरीज जुळते, पण एका खात्याची रक्कम दुसऱ्याच खात्यावर टाकलेली असते, तसला हा प्रकार. गल्लीतून, पहिल्या गियरमध्ये, गाडी सुखानं चालते. मग मोकळा रस्ता लागतो, वेग वाढतो, डायनॅमो जागा होतो आणि कट-आऊटचं फाटक मिटतं. समोर बॅटरी उलटी. दोघं एकमेकांच्या अंगावर जातात. काटा खुंटीवर आपटतो, फाटकाचे ओठ वितळून चिकटतात, तारा पेटतात, दिवा विझतो. सगळं मिळून काही क्षणांचं काम. बल्ब शाबूत राहतो. आणि मॅग्नेटो, ज्याला यातलं काही कळत नाही, तो ठिणग्या देतच राहतो.

गावापासून अर्धा मैल म्हणजे बरोबर जिथं गल्ली संपून कालव्याचा रस्ता लागतो.

चाचांनी डब्याचं झाकण काढलं. कट-आऊटचे ओठ एकमेकांत विरघळलेले. "हे लुकासनं नाही केलं, साहेब," ते म्हणाले. "कुणीतरी बॅटरी उलटी जोडली." आणि झाकणाच्या आत चिकटवलेला एक कागद त्यांनी नखानं सोडवून माझ्या हातात दिला. हजेरीपटाचा फाडलेला तुकडा होता, कोपरे जळक्या व्हार्निशनं पिवळे झालेले. त्यावर खुलाशावरचं तेच ठसठशीत अक्षर:

'पुढे उघडणाऱ्यास. धन टोक सांगाड्यास. ऋण टोक दिव्यांस. घरात व पोरास यातले काही बोलू नये. 19-11-68.'

खुलाशाची तारीख 21. म्हणजे डुलकी लागल्याचं लिहून द्यायच्या दोन दिवस आधी, मोडका पाय प्लास्टरमध्ये घालून तात्या गोठ्यात गेले होते, डबा उघडून पाहिला होता आणि त्यांना सगळं कळलं होतं. दिवा गेला असं लिहिलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, दिवा का गेला? बॅटरी कुणी बसवली? आणि त्या आठवड्यात कऱ्हाडहून सायकलवर बॅटरी चार्ज करून कुणी आणली होती, हे मला आजीच्याच गोष्टींतून माहीत होतं. त्यात ती एक वाक्य नेहमी कौतुकानं घालायची. 'चौदा वर्षांचं पोर, पण स्वतःच्या हातानं जोडून दिली हो ह्यांना!' साऱ्या गोष्टीतली एकमेव चांगली बाजू म्हणून.

चाचा डायनॅमो घेऊन मिरजेला गेले. मी तो कागद पाकिटात ठेवला आणि पुढचे पंधरा दिवस बँकेत अंक उलटे लिहिले. 72 चे 27. अशा चुकीचा फरक नेहमी नवानं भागला जातो, त्यामुळे ती लवकर सापडते. माझी सापडत होती. पण अण्णांना सांगायचं की नाही, हे काही कशानं भागलं जात नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस. साखर, रक्तदाब. तात्यांनी स्पष्ट लिहून ठेवलेलं, पोरास बोलू नये. हुकूम वरिष्ठांचा. पण तो पुढे उघडणाऱ्यास, म्हणजे मला होता, आणि मी आधीच उघडलेलं होतं.

आर्मेचर भरून आलं. डबा दुरुस्तीपलीकडे गेला होता. त्याच्या आत चाचांनी नव्या पद्धतीचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवला आणि वरून जुनंच झाकण लावलं. आमच्या शाखेतही आत कोअर बँकिंग आणि बाहेर 1960 ची लाकडी पाटी आहे, तसंच. डायनॅमो बसवल्यावर चाचांनी बॅटरीची जिवंत तार त्याच्या एफ टोकाला क्षणभर टेकवली. चट् करून ठिणगी उडाली. "त्याला सांगायला लागतंय कुठलं अधिक, कुठलं वजा," ते म्हणाले. "डायनॅमोला सोताचं मत नसतंय. जे पहिल्यांदा सांगाल तेच धरून बसतोय."

संध्याकाळ झाली होती. चाचा गेले. मी अंगणात बॅटरीची शेवटची जोडणी करत होतो, इतक्यात अण्णा काठी टेकत बाहेर आले. गाडी घरात आल्यापासून पहिल्यांदाच. खुर्ची ओढून बसले, टॉर्च घेतला आणि काही न बोलता माझ्या हातांवर धरला. टॉर्च हलत होता. मी पाना लावला.

"अधिक कुठं लावलंस?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, "सांगाड्याला."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जीपला वजा असायचं. ड्रायव्हरनं दाखवलं होतं मला."

मी वर पाहिलं नाही. नट आवळत राहिलो, आवळून झाला होता तरी.

"तात्यांना कळलं नाही कधी," अण्णा म्हणाले. "मला शाळेत पुढं दहावीला कळलं. तवर गाडी गोठ्यात गेलेली. विचारायचं म्हटलं तर काय विचारायचं? डुलकी लागली म्हणायचे. दर खेपेला मलाच बघून म्हणायचे, डुलकी लागली रे."

मी हात पुसले आणि पाकिटातला कागद काढून दिला. चष्मा आत राहिला होता. मी आणायला उठलो तर नको म्हणाले. किक मारली, चौथीला गाडी सुरू झाली, सारी आळी खिडक्यांत आली. मी स्विच फिरवला. हेडलाइटचा पिवळा झोत समोरच्या भिंतीवर पडला. काटा शून्यावरून हळूच चार्जिंगच्या बाजूला सरकला. अण्णांनी खुर्ची उजेडात ओढून घेतली आणि कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचला. पुन्हा वाचला. घडी घातली, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

"अक्षर तात्यांचंच," ते म्हणाले.

आणि जरा वेळानं, "बंद कर आता. लोक जेवायला बसलेत."